बाबा जियानेंचे सोळाशे नातलग

थोकोझिले मसांगो सांगते त्यावर विश्वास ठेवायचा, तर बाबा जियानेंनी पहिल्याच भेटीत तिला घोट्यांना धरून उलटं टांगलं आणि सतरंजी झटकावी तसं झटकलं. ही गोष्ट वर्षावर्षाला वाढत गेलेली आहे. पहिल्या खेपेला त्यात नुसते बूट होते. दुसऱ्या खेपेला मोजे आले. चुलतबहिणीच्या लग्नात बिअर गार होती आणि ऐकणारे रंगात आले होते, तेव्हा हेल्मेट, पाकीट आणि कानातले डूलही झटकले गेले. उलटं टांगणं गेल्या ख्रिसमसचं.

खरं घडलं ते इतकंच, आणि तेही थोडं नाही. कोळशाच्या खाणीवर रुजू होऊन थोकोला तीन दिवस झाले होते. एमालाह्लेनीच्या पूर्वेच्या त्या माळावर ऑगस्टचं कोरडं वारं सुटलं होतं. पर्यावरण अधिकारी म्हणून आपण सगळं डोळ्यांनी पाहावं, अशा उत्साहात ती मातीच्या ढिगावर चढली, चौफेर नजर टाकून उतरली, तर पायथ्याशी रंगाच्या उपड्या डब्यावर एक म्हातारा बसलेला. खिशाला पेनच्या जागी दात घासायचा ब्रश.

"बूट," म्हातारा म्हणाला.

"काय बाबा?"

"बूट काढ. तळव्याला माती आहे."

"मी नवीन पर्यावरण अधिकारी आहे, बाबा."

"मागचाही तोच होता. अकरा नंबरचा पाय. रोज दोन चमचे न्यायचा."

थोकोने बूट काढले. म्हाताऱ्याने ते मांडीवर घेतले, ब्रशाने तळव्याच्या एकेका खाचेतली माती वर्तमानपत्रावर पाडली, कागदाची पुडी केली, आणि ती घेऊन ढिगावर चढला. थोडा वेळ इकडेतिकडे फिरून एका जागी पुडी रिकामी केली. खाली येऊन म्हणाला, "तिथलीच होती. पलीकडची जरा लाल असते." मग तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "नखं कोणासाठी वाढवलीस?"

"हौस म्हणून, बाबा."

"हं," बाबा जियाने म्हणाले. त्या "हं"मध्ये नखांत माती नेणाऱ्यांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास होता.

आब्राम जियाने यांचा जन्म ह्याच जमिनीवरचा. तेव्हा इथे खाण नव्हती, एका गोऱ्या शेतकऱ्याचा मळा होता. मळ्यावर राबणारी सात घरं होती आणि त्यांतलं एक त्यांच्या वडिलांचं. मग जमिनीखाली कोळसा निघाला. सात घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला नव्या वस्तीत गेली. एकतीस थडगी रीतसर परवाना काढून तिकडे हलवली गेली. जमिनीचा वरचा दीड हात मातीचा थर खरवडून कुंपणापाशी ढीग लावला गेला, कारण कायदा सांगतो की कोळसा काढून झाल्यावर जो टाकाऊ दगडांचा काळा डोंगर उरेल त्याच्यावर तीच माती परत पसरायची आणि गवत उगवायचं. म्हणजे बाबा जियानेंच्या वडिलांचं मक्याचं शेत वीस वर्षं गोठ्यात बांधलेल्या गाईसारखं एका जागी उभं होतं, आणि बाबा त्याचे राखणदार होते. शिवाय काळ्या डोंगराभोवतीचे चरही त्यांच्याकडे होते. एक चर स्वच्छ पाण्याचा, तो बाहेरच्या पावसाला डोंगरापासून लांब ठेवून ओढ्याला नेई. दुसरा घाण पाण्याचा, डोंगरावरून उतरलेलं काळं, आंबट पाणी तळ्यात सोडणारा. ह्या दोघांची भेट होऊ न देणं हेच बाबांचं आयुष्यभराचं काम. नवरीमुलीची आत्या ज्या नजरेने वऱ्हाडातली तरुण मुलं न्याहाळते, त्या नजरेने ते चर न्याहाळत.

पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पाणी हा जगातला सगळ्यात लबाड प्राणी," ते म्हणत. "तुझ्यासमोर सरळ जाईल. तू जेवायला बसलीस की बांध पोखरेल." इंजिनियर दुर्बीण लावून चराचा उतार काढत. बाबा पारदर्शक नळीत पाणी भरून, नळीचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं काठीला बांधून तोच उतार पुन्हा काढत. दोन उतार जुळले नाहीत तर इंजिनियर चुकलेला असे, आणि जुळले तर बाबांना संशय येई की ह्याने माझाच पाहून लिहिला.

संशयाच्या बाबतीत त्यांच्याकडे भेदभाव नव्हता. व्यवस्थापक ग्रोब्लरसाहेबांवर संशय होता कारण ते फार हसत, आणि मोजणीदारावर होता कारण तो कधीच हसत नसे. विटा पाडणाऱ्यांवर होता. पोटुशी बायकांवर होता, कारण त्यांना माती खायचे डोहाळे लागतात. घुशींवर होता. आपली गाढवगाडी ओढणाऱ्या दोन गाढवांची नावं त्यांनी चेअरमन आणि सेक्रेटरी ठेवली होती, आणि दोघं एकाच वेळी कान हलवायला लागले की ते गाडी थांबवून विचारत, "काय ठरवलंत?" घरून आलेला डबाही आधी हुंगून मग उघडत. मा जियाने वस्तीभर सांगत, "बेचाळीस वर्षांत विष घातलं नाही, आता ह्या वयात चांगलं विष वाया कशाला घालवू?"

तर अशा माणसावर चोरीचा आळ आला.

ग्रोब्लरसाहेबांनी थोकोला बोलावलं आणि दार लावून घेतलं. समोर ढिगाचे उडत्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो होते.

"मिस मसांगो, चार वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ढिगातली आठशे घनमीटर माती कमी आहे."

"वाऱ्याने गेली असेल, सर. पावसाने."

"गवताखालची? वारा गवत उचलून, खालची माती काढून, गवत परत लावत नाही." हे म्हणताना ते हसले. "सप्टेंबरअखेर सरकारी तपासनीस येणार. त्याच्या आधी मला दोन गोष्टी ठरवायच्यात. एक, चोर कोण. दोन, उरलेली माती कुठे टाकायची. कारण आता ती चारी बाजूंना पुरत नाही. दक्षिण उतार सोडून द्यावा लागेल."

"दक्षिणेला ओढा आहे, सर. खालची वस्ती आहे."

"उत्तरेला हमरस्ता आहे," साहेब म्हणाले, आणि हा मुद्दा संपला. "त्या म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा. लोकांचे बूट झटकतो. इतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही, आणि म्हणूनच मला तो आवडत नाही."

थोको बाहेर आली ती विचारात पडून. दक्षिण उतार उघडा राहिला तर काय होणार हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. ऑक्टोबरात गारांसह पाऊस कोसळला की काळा गाळ खाली येणार, दक्षिणेचा तो जुना उथळ चर एका दुपारीत भरणार, आणि आंबट पाणी त्याच्यावरून उडी मारून गुरांच्या ओढ्यात. माती मिळाली तर वस्ती वाचत होती. आणि माती बाबांनी विकली असेल, तर त्यांनी आपल्याच वस्तीच्या तोंडचं पाणी विकलं होतं.

तिने सरळ जाऊन विचारलं. "बाबा, ढिगातली माती कमी झालीये म्हणतात."

"झालीये," बाबा म्हणाले. ते चरातला गाळ फावड्याने काढत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माती माझी, मला माहीत नसेल?"

"मग कोणी नेली?"

बाबांनी फावडं रोवलं आणि बोटं मोजायला घेतली. "विटावाला म्टसवेनी. त्याच्या विटा यंदा लाल निघाल्या. मागच्या वर्षी पिवळ्या होत्या. चर्चमधला पाद्री, बाप्तिस्म्याचा खड्डा बुजवायला. ग्रोब्लरची बायको, गुलाबाला. तिचे गुलाब पाहिलेस? तसे गुलाब प्रामाणिक मातीत येत नाहीत."

"आणि तुम्ही?"

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "हे तू विचारतेस का ग्रोब्लर?"

"मीच."

"दोघांचा आवाज सारखाच येतो," ते म्हणाले आणि फावडं उचललं.

पुढचे आठ दिवस थोको म्टसवेनीच्या विटा पाहून आली, पाद्रीचा खड्डा पाहून आली, आणि साहेबांच्या बाईंकडे चहाला जाऊन गुलाबांच्या मुळाशी पेनही खुपसून आली. माती बाजारची निघाली. बाबा मात्र ज्या त्या वेळी ज्या त्या जागी होते. सकाळी चर, मग ढीग, दुपारी गाढवगाडीतून डोंगराकडे, कारण जिथे यंत्रं जात नाहीत तिथले बांध ते गाडीने दगड नेऊन दुरुस्त करत. सगळं सरळ होतं, आणि तेच तिला खटकत होतं. बाबांच्या सहवासात आठ दिवसांत तिलाही ती सवय लागली होती.

शेवटी ती फाटकावर गेली. ढीग आणि काळा डोंगर ह्यांच्यामध्ये ट्रकांचा रस्ता आडवा जातो, तिथे दांड्याचं फाटक आहे. फाटकावर एफ्राइम स्कोसाना. हा माणूस रविवारी झायन चर्चच्या हिरव्या पट्ट्याच्या गणवेशात असे आणि उरलेले सहा दिवस खाणीच्या, पण दोन्हींत उभा सारखाच राही. त्याच्याकडे नोंदवह्या होत्या. कोण गेलं, कशात गेलं, बरोबर काय होतं, कशासाठी.

थोकोने वह्या चाळायला घेतल्या आणि तिसऱ्या पानावर थांबली.

"एफ्राइम, हे काय आहे? 'बाबा जियाने. गाढवगाडी. सोबत: आजोबा.'"

"हो," एफ्राइम म्हणाला.

"बाबा जियाने सत्तरीला आले. त्यांचे आजोबा कुठून आले गाडीत?"

एफ्राइमने आवाज खाली आणला. "म्फाफाची फांदी होती, बाई."

थोकोला पुढे काही विचारावं लागलं नाही. माणूस घरापासून दूर वारला, किंवा त्याचं थडगं हलवावं लागलं, की घरातलं वडीलधारं माणूस त्या जागी म्फाफाची फांदी घेऊन जातं. बोरीसारखं झाड, एक काटा सरळ, एक वाकडा. नाव घेऊन हाक मारायची, "चला, घरी जाऊ." मग फांदीबरोबर तो घरी येतो. वाटेत फक्त त्याच्याशी बोलायचं, वळण आलं, ओढा आला, असं सांगत. दुसऱ्या कुणाशी शब्द बोलायचा नाही, आणि दुसऱ्याने त्याला काही विचारायचं नाही. टोपी काढून बाजूला व्हायचं. टॅक्सीवाले अशा फांदीला वेगळी सीट देतात. फाटकावरचा माणूस दांडा वर करतो.

"बरोबर केलंस," ती म्हणाली, आणि पान उलटलं. सोबत: आत्या. सोबत: चुलतकाका. सोबत: आजोबा, थोरले. सोबत: आत्या. तिने दुसरी वही घेतली. मग तिसरी. मग खुर्ची ओढून बसली आणि चार वर्षांच्या सगळ्या वह्या मोजल्या. संध्याकाळपर्यंत आकडा आला सोळाशे बारा.

"एफ्राइम, मळ्यावर सात घरं होती."

"मोठं घराणं आहे, बाई."

"सोळाशे बारा माणसं?"

"मग मी काय मेलेल्यांची ओळखपत्रं मागू?" एफ्राइम खरोखर दुखावला होता. "आणि गाडीत माती असते ती असायचीच. मातीतूनच उठवून नेतात ना त्यांना? मी दोनदा प्रार्थनाही केलीये. आत्यासाठी तर तिसऱ्यांदा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी थोको फाटकापलीकडे रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. चेअरमन आणि सेक्रेटरी मान खाली घालून आले. गाडी मातीने काठोकाठ भरलेली, पुढच्या कोपऱ्यात निळ्या चादरीत गुंडाळलेली काटेरी फांदी उभी, आणि शेजारी बाबा जियाने, नजर समोर, चेहरा अंत्ययात्रेचा. एफ्राइमने टोपी छातीशी धरून दांडा वर केला. थोकोचा हात आपोआप हेल्मेटकडे गेला, आणि हेल्मेट काढून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. बाबांना प्रश्न विचारणं शक्य नव्हतं. तिच्या आजीने तिला तसं वाढवलं नव्हतं.

म्हणून ती फांदीशी बोलली.

"नमस्कार. मी मसांगोंची थोकोझिले. आपण कोण?"

गाढवं थांबली. बाबांनी समोरची नजर हलवली नाही, पण मान किंचित फांदीकडे कलली. "काका, वाटेत एक पोरगी उभी आहे. घाबरू नका. आपण बाजूने जाऊ."

"काका, काल गाडीत आत्या होत्या."

"काका, आत्या कालच पोचल्या, तुम्हाला ठाऊकच आहे."

"काका, आत्या ह्या वर्षात एकवीस वेळा पोचल्यात."

"काका, आत्याचा पाय घरात टिकत नसे. जिवंतपणीही हीच तक्रार होती."

"मसांगोबाई!" एफ्राइम लांबून ओरडला. "गेलेल्याला अडवू नये!"

"अडवत नाही रे, विचारपूस करतेय!" थोकोने परत फांदीकडे तोंड केलं. "काका, तुमच्या पायाखाली गाडीभर माती कशाला लागते? तुम्ही किती जाड होतात?"

बाबांच्या गालाचा एक स्नायू हलला. "काका, हल्लीच्या पोरी म्हाताऱ्यांच्या वजनावर बोलतात. ह्या ग्रोब्लरच्या शाळेत शिकलेल्या."

"काका, मी पण येते. गाडीच्या मागून चालत. पोचवायला."

सेक्रेटरीने शेपटी झटकली. शेवटी बाबा म्हणाले, "काका, पोचवायला येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण तिला म्हणावं, बूट झटकून ये."

गाडी डोंगराला वळसा घालून दक्षिणेला गेली. ह्या बाजूला थोको एकदाच आली होती, तीही लांबून, गाडीतून. उत्तरेला डोंगर काळा होता, पश्चिमेला काळा होता. इकडे उतारावर गवत होतं. वाळलेलं, ऑगस्टचं, पण दाट, मुळं धरलेलं गवत, एकाखाली एक आखलेल्या पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीच्या कडेला दगडी पन्हळ. जेमतेम एक एकराचा उतार. पायथ्याशी मात्र एक पट्टा काळा होता. बाबांनी फांदी काढून एका दगडाला टेकवली, चादर घडी केली, आणि हात झाडले.

"पोचले. आता बोल."

थोकोने गवताचा एक झुबका ओढून पाहिला, तो हलेना. खाणीच्या वार्षिक अहवालात तिने हा उतार वाचला होता आणि नेहमीची कागदी थाप समजून सोडून दिला होता. "दक्षिण बाजूस नैसर्गिक पुनरुज्जीवन," असं सलग तीन वर्षं लिहिलं होतं, आणि त्यावरून मुख्य कार्यालयाला एक ढालही मिळाली होती.

"चार वर्षं, बाबा? आठवड्याला आठ खेपा?"

"गुडघा बरा असला तर नऊ."

"पण का? माती चारी बाजूंना पसरायचीच होती. कागदावर आहे तसं."

"उत्तरेला रस्ता आहे," बाबा म्हणाले. "रस्त्यावरून मंत्री जातात. इकडे गुरं आहेत. गुरं अहवाल वाचत नाहीत. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की माती उत्तरेकडून सुरू होणार आणि दक्षिणेला यायच्या आत संपणार. ग्रोब्लर तेच म्हणाला की नाही?"

थोकोने ओढ्याकडे पाहिलं.

"म्हणालाच," बाबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच संशय खरा ठरल्यासारखे समाधानाने खाली बसले.

"आणि म्फाफा? खोटंच?"

बाबांनी एक ढेकूळ हातात घेऊन कुस्करलं. "पहिली खेप खरी होती. आमची पहिली मुलगी. सात दिवसांची गेली. इतक्या लहानाला थडगं नसतं, घराच्या भिंतीशी ओल्या जागी ठेवतात. त्यामुळे एकतीसांत ती नव्हती. तिची जागा खरवडली गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. म्हणजे ती ह्या ढिगात आहे. कुठे, ते कोण सांगणार? नाव ठेवलं नव्हतं, हाक काय मारायची तेही कळेना. नुसतं 'ये' म्हणालो. गाडीभर माती घेतली, कशात असेल काय ठाऊक. फाटकावर एफ्राइमने टोपी काढली आणि दांडा वर केला. एक शब्द विचारला नाही. तिला घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, फाटक तर उघडतंय."

"आणि मग नातलग वाढले."

"ह्या मातीत कोण नाही, पोरी? मी खोटं बोललो नाही. फक्त रोज नाव बदललं." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "तू सांगणार."

"माहीत नाही, बाबा."

"हं."

तो काळा पट्टा अजून चाळीस पावलांचा राहिला होता. अगदी चराच्या तोंडाशी. पाऊस यायच्या आत पंधरा दिवसांत होईल, असं बाबा म्हणाले.

थोकोने साहेबांना आडून विचारून पाहिलं. "सर, समजा माती सापडली. आणि ती चांगल्या कामाला लागलेली निघाली, तर?"

"तर जिथून गेली तिथे परत. आधी ढीग पुरा, मग मोजणी, मग वाटप. मिस मसांगो, चोराने गाडी धुऊन ठेवली म्हणून ती त्याची होते का?"

म्हणजे बुलडोझर. रुजलेलं गवत खरवडून, पायऱ्या मोडून, माती परत ढिगावर, आणि ढिगावरून उत्तरेला. हे सगळं पावसाच्या तोंडावर. थोको दोन दिवस झोपली नाही. खरं लिहावं तर उतार जाणार आणि बाबाही जाणार. खोटं लिहायला तिचा हात धजत नव्हता. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की खोटं लिहायची गरजच नाही. तिने एका पानाचा अहवाल केला. कारण ह्या रकान्यात लिहिलं, "सुरक्षा विभागाच्या नोंदींनुसार ढिगातली माती मृतांना त्यांच्या कुटुंबीयांनी हलवताना गेली." आणि खाली सगळ्या नोंदवह्यांच्या प्रती जोडल्या.

ग्रोब्लरसाहेबांनी पान वाचलं. मग प्रती वाचल्या. हसणं थांबलं.

"एकतीस," ते म्हणाले. "आपल्या परवान्यावर एकतीस थडगी आहेत."

"हो, सर."

"इथे सोळाशे बारा आहेत!"

"नोंदीप्रमाणे, सर. आपल्याच वह्या आहेत."

"ह्या ढिगात? ह्या ढिगात आम्ही सोळाशे..." थडग्यांचा कायदा मातीच्या कायद्यापेक्षा फार कडक आहे, आणि त्यात व्यवस्थापक नावानिशी अडकतो. त्यांनी फोन उचलला. वकील आले. चोर कोण हा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही. तीन दिवसांत ढिगाभोवती उंच जाळीचं कुंपण उभं राहिलं, त्यावर फलक लागला की वारसा खात्याच्या चौकशीपर्यंत येथील एक चमचाही माती हलवू नये, आणि दोन नवे पहारेकरी बसले. ते बाहेरगावचे होते, फांदीला टोपी न काढणारे.

थोको आनंदात बाबांकडे गेली. बाबा कुंपणाबाहेर आपल्या डब्यावर बसले होते. गाढवं सुटी होती.

"बाबा, चोर म्हणून तुमचं नाव आता कुणी घेत नाही. उतारालाही हात लावणार नाहीत. तपासनीस येणार ते गवत पाहूनच जाणार!"

"चाळीस पावलं राहिलीत," बाबा म्हणाले.

चाळीस पावलं तिच्या लक्षातच नव्हती.

"बाबा, मी तुम्हाला वाचवलं."

"मी बुडत होतो असं कोणी सांगितलं तुला?"

"बुलडोझर आला असता, बाबा! सगळा उतार गेला असता."

"आला असता," ते म्हणाले. "कदाचित. महिनाभर मी बघतोय, ही पोरगी ग्रोब्लरची माणूस का माझी. तू दोघांचीही नाहीस. तू कागदाची माणूस आहेस. कागदावर सगळं बरोबर बसवलंस. चराच्या तोंडाशी कागद पसरू आता?"

थोकोने बाजारातून माती आणायचा अर्ज केला. उत्तर आलं की ढिगाची चौकशी होईपर्यंत बाहेरची माती आणली तर मोजणीत घोळ होईल. मग ती रोज कामानंतर बाबांबरोबर दक्षिणेचा चर खोल करायला जाऊ लागली. बाबा तिला नळीचं टोक धरायला देत, पण दोन वेळा मोजत. एकदा तिच्या बाजूने, एकदा तिच्यावर विश्वास नाही म्हणून. मा जियाने डब्यात दोघांपुरता 'पाप', म्हणजे मक्याचा घट्ट सांजा, आणि आंबट दूध पाठवायला लागल्या. बाबा हुंगून तिच्यापुढे सरकवत आणि ती जेवायला लागली की मगच स्वतः घास घेत. हा मान आहे की आपल्यावर चाचणी, हे थोकोला शेवटपर्यंत कळलं नाही.

सप्टेंबरअखेर तपासनीस आला. त्याने दक्षिण उताराचे फोटो काढले आणि निसर्गाच्या चिवटपणाबद्दल दोन वाक्यं बोलला. बाबा मागे उभे होते. त्याच्या बुटांकडे बघत होते, पण काही बोलले नाहीत.

बाबा जियाने डिसेंबरात निवृत्त झाले. ढिगाची चौकशी सुरू झालेली नाही, कुंपण तसंच आहे आणि डोंगराच्या बाकीच्या तीन बाजू काळ्या आहेत. दक्षिणेचं गवत टिकलं. त्या चाळीस पावलांतून मात्र मोठा पाऊस झाला की काळं पाणी चर ओलांडून ओढ्यात उतरतं, आणि वर्षातून असे आठदहा दिवस खालच्या वस्तीतली गुरं टँकरचं पाणी पितात.